प्रोस्टेटच्या कर्करोगात संप्रेरके घडवणारी विकरे: गोळ्या कशा घ्याव्यात, अहवाल कसे वाचावेत

संप्रेरक खाली आणणारे दर तीन महिन्यांचे इंजेक्शन वेळेवर चालू आहे, अहवालात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक १५ वर आलेले दिसते आहे, आणि तरीही पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन, ज्यावरून आजाराचा अंदाज घेतात) चढतोच आहे, हे कसे? रुग्णालयाच्या औषध विभागात काम करताना प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या घरच्यांकडून मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न हाच आहे. विचारणाऱ्याच्या स्वरात पुष्कळदा अपराधी भाव असतो, जणू पथ्यपाण्यात आपलेच कुठेतरी चुकले. या प्रश्नाचे उत्तर मात्र शरीरातल्या काही विकरांपाशी, म्हणजे एन्झाइमपाशी सापडते. कोणते औषध कोणत्या विकराला अडवते एवढे समजले, की ती गोळी उपाशीपोटी का घ्यायची, तिच्या जोडीला स्टिरॉइड का, पोटॅशियम का तपासायचे आणि शेजाऱ्याने सुचवलेले चूर्ण का टाळायचे, हे सगळे एका धाग्यात येते. औषध निवडणे आणि त्याची मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचेच काम आहे. ते औषध घरी नीट घेतले जाणे, तपासण्या वेळेवर होणे आणि योग्य माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचणे हे घरच्यांच्या हातात असते, आणि पुढचे सर्व लेखन त्यांच्यासाठी आहे.

संप्रेरक कोठे तयार होते

प्रोस्टेटच्या पेशी पुरुषी संप्रेरकांवर पोसल्या जातात. शिकागो येथे चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ साली दाखवून दिले, की वृषणे काढल्यास पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोगही आकसतो. या कार्यासाठी हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजची महिन्याची किंवा तीन महिन्यांची इंजेक्शने, म्हणजे ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन किंवा डेगारेलिक्स, हेच काम शस्त्रक्रियेविना करतात. आपल्याकडे खर्चाचा विचार करून अनेक रुग्ण आजही वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया निवडतात, आणि टेस्टोस्टेरॉन खाली आणण्याच्या दृष्टीने ती तितकीच भक्कम आहे.

वृषणे थांबली की शरीरातील टेस्टोस्टेरॉनचा ९० टक्क्यांहून अधिक साठा बंद होतो. उरलेला थोडा भाग येतो तो दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडून, आणि पुढे प्रत्यक्ष कर्करोगाच्या गाठीकडूनही. यामागची साखळी घरातल्या उदाहरणाने चांगली समजते. दुधाचे दही, दह्याचे लोणी आणि लोण्याचे तूप व्हावे, तसे कोलेस्टेरॉलपासून टप्प्याटप्प्याने टेस्टोस्टेरॉन तयार होते, आणि प्रत्येक टप्प्यावर एक वेगळे विकर काम करते. सीवायपी११ए१ हे विकर कोलेस्टेरॉलचे प्रेग्नेनोलोन करते. सीवायपी१७ए१ हे विकर दोन पावलांत त्याचे डीएचईए करते. ३-बीटा-एचएसडी हे विकर डीएचईएचे अँड्रोस्टेनडायोन करते, त्याचे टेस्टोस्टेरॉन करण्याचे काम गाठीत प्रामुख्याने एकेआर१सी३ हे विकर करते, आणि सरतेशेवटी ५-अल्फा रिडक्टेज हे विकर त्यापासून डीएचटी हे कितीतरी अधिक प्रभावी संप्रेरक घडवते.

अ‍ॅड्रिनल ग्रंथी डीएचईएपर्यंतचा माल तयार करून रक्तात सोडतात. म्हणजे गाठीला आयते लोणी मिळते आणि तिला फक्त ते कढवायचे असते. इतकेच नव्हे, तर टेस्टोस्टेरॉनचा टप्पा गाळून आडवाटेने थेट डीएचटीपर्यंत जाण्याची सोयही या पेशींकडे असते. म्हणून रक्तातील टेस्टोस्टेरॉन अगदी तळाला दिसत असतानाही गाठीच्या आत संप्रेरक शिल्लक राहू शकते, आणि लेखाच्या सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे एक मोठे उत्तर हेच आहे.

अहवाल वाचण्याची पद्धत

पीएसएचा आकडा एकटा पाहू नये. त्याच दिवशीच्या रक्तात टेस्टोस्टेरॉनही तपासले गेले असेल तरच त्या आकड्याला अर्थ येतो. एका वहीत चार रकाने करावेत: तारीख, पीएसए, टेस्टोस्टेरॉन आणि शेवटचे इंजेक्शन कधी घेतले ती तारीख. तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी, कारण दोन ठिकाणच्या यंत्रांत फरक पडतो आणि तो फरक आजाराचा समजून घरात विनाकारण काळजी पसरते.

टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असावे, ही सर्वमान्य मर्यादा आहे. ते २० च्या खाली असेल तर अधिक चांगले. काही प्रयोगशाळा नॅनोमोल प्रति लिटर या एककात आकडा देतात. त्या एककातील १.७ म्हणजे आपल्या ओळखीचे ५०, आणि ०.७ म्हणजे २०. मी एकदा ०.६ हा आकडा पाहून धास्तावलेले आणि नंतर तोच आकडा १७ असल्याचे कळल्यावर आणखीच गोंधळलेले कुटुंब पाहिले आहे, म्हणून वहीत आकड्यापुढे एककही लिहावे. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्यापूर्वी ते सांगावे, कारण मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे काही यंत्रांवर टेस्टोस्टेरॉन खोटे वाढलेले आणि पीएसए खोटा कमी झालेला दिसू शकतो.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावे. पीएसए वाढलेला आहे आणि टेस्टोस्टेरॉनही ५० च्या वर आहे, तर आधी इंजेक्शनची तारीख तपासावी: ते उशिरा झाले का, चुकले का, नीट साठवलेले होते का. पीएसए ओळीने वाढतो आहे आणि टेस्टोस्टेरॉन मात्र तळाला आहे, तर डॉक्टर त्या अवस्थेला ‘कॅस्ट्रेशन रेझिस्टंट’, म्हणजे वृषणांचे काम थांबवूनही न दबणारी, म्हणतात. या नावामुळे फार मोठा गैरसमज होतो. पुष्कळ लोक त्याचा अर्थ ‘आता संप्रेरकांवरचे उपचार संपले’ असा घेतात आणि खचून जातात. वास्तविक त्या गाठी अजूनही बहुधा संप्रेरकांवरच जगत असतात, फक्त ते मिळवण्याची वाट बदललेली असते. केमोथेरपी घेऊन झालेल्या अशाच रुग्णांवर सीवायपी१७ए१ या विकराला अडवणाऱ्या अ‍ॅबिरॅटेरॉनची मोठी चाचणी झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हे औषध घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य १४.८ महिने, तर केवळ स्टिरॉइड आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे १०.९ महिने आढळले. एक विकर अडवल्याने हा फरक पडला.

प्रोस्टेट वाढीची किंवा केसांची गोळी चालू असल्यास

निदान होण्यापूर्वीच्या टप्प्यावर हे सर्वांत जास्त वेळा निसटते. लघवीच्या त्रासासाठी दिली जाणारी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी ५-अल्फा रिडक्टेज या विकराला अडवते. ती सहा महिने ते वर्षभर घेतली की रक्तातील पीएसए साधारण निम्मा होतो. म्हणजे अहवालात ३ दिसणारा पीएसए प्रत्यक्षात ६ च्या तोडीचा समजावा लागतो. टक्कल पडू नये म्हणून घेतली जाणारी १ मिलिग्रॅमची फिनास्टेराइडही पीएसए असाच खाली आणते, आणि ती गोळी त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेली असल्याने मूत्ररोगतज्ज्ञांसमोर तिचा उल्लेखच होत नाही. पन्नाशीपुढच्या कोणत्याही पुरुषाने पीएसए तपासताना ही गोळी चालू आहे का, कधीपासून आहे, हे स्वतःहून सांगावे. गोळी घेत असताना कमी झालेला पीएसए पुन्हा वर चढू लागला, तर तो ‘नॉर्मल’ मर्यादेत असला तरी दाखवावा.

या विकराचे महत्त्व कळले ते काहीसे अनपेक्षितपणे. डॉमिनिकन रिपब्लिकमधील काही कुटुंबांत ते जन्मतःच दुर्बल असते, असे १९७४ मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी नोंदवले, आणि त्या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी आयुष्यभर लहानच राहते असे दिसून आले. त्यातूनच फिनास्टेराइडची वाट खुली झाली. पुढे २००३ मध्ये १८ हजारांहून अधिक पुरुषांवरील चाचणीत फिनास्टेराइडने प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे चतुर्थांशाने घटलेले आढळले, परंतु अधिक आक्रमक प्रकारच्या गाठी त्या गटात थोड्या जास्त निघाल्या. त्यामुळे कर्करोग टाळण्यासाठी म्हणून ही गोळी मनाने सुरू करू नये.

अ‍ॅबिरॅटेरॉन कसे घ्यावे

हे औषध सीवायपी१७ए१ या विकराला अडवते. साखळीतला हा टप्पा वृषणे, अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणि गाठ या तिन्ही ठिकाणी असल्याने तिन्हीकडचा पुरवठा एकदम तुटतो. नेहमीची मात्रा दिवसातून एकदा १००० मिलिग्रॅम, म्हणजे २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या किंवा ५०० च्या दोन. गोळ्या अख्ख्या, पाण्याबरोबर गिळाव्यात. गोळी घेण्यापूर्वी दोन तास आणि घेतल्यानंतर एक तास पोटात काही जाता कामा नये. याचे कारण असे, की स्निग्ध जेवणाबरोबर हे औषध रक्तात सुमारे १० पट अधिक शोषले जाते, आणि किती शोषले जाईल ते ताटात काय आहे त्यावर रोज बदलत राहते.

येथे मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. चिठ्ठीवर अ‍ॅबिरॅटेरॉन आणि प्रेडनिसोलोन (जोडीचे स्टिरॉइड) या दोन्ही नावांपुढे फक्त १-०-० असे लिहिलेले होते, आणि चार गोळ्यांची सूचना खालच्या ओळीत बारीक अक्षरांत होती. रुग्ण सत्तरीचे, शिस्तीचे. ते रोज सकाळी दुधाचा चहा आणि तूप लावलेली पोळी खाऊन मग पाचही गोळ्या एकदम घेत. महिनाभराने त्यांची मुलगी माझ्याकडे आली ती वडिलांच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ खोल उमटतो हे सांगायला. जिना चढताना त्यांच्या मांड्या भरून येत होत्या आणि रक्तदाब १७० च्या पुढे गेला होता. पोटॅशियम २.९ निघाले, जे ३.५ च्या खाली जाऊ नये. डॉक्टरांनी पोटॅशियम दिले, गोळ्यांची वेळ बदलली, रक्तदाबाचे औषध वाढवले, आणि दोन आठवड्यांत सूज उतरली. त्या माणसाने एकही गोळी चुकवली नव्हती. त्यांना कोणी घड्याळ लावून दिले नव्हते, एवढेच.

ते घड्याळ असे लावावे. सकाळी लवकर उठणाऱ्यांनी ६ वाजता उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर अ‍ॅबिरॅटेरॉन घ्यावे आणि ७ च्या आधी चहासुद्धा घेऊ नये, कारण दूध-साखरेचा चहा हेही खाणेच आहे. ७ वाजता न्याहारी आणि न्याहारीनंतर प्रेडनिसोलोन. ज्यांना सकाळी चहावाचून राहवत नाही त्यांनी रात्रीची वेळ धरावी: ८ वाजता जेवण आटोपल्यास १० नंतर गोळ्या, आणि त्यानंतर हळदीचे दूध नाही. एकादशीला किंवा चतुर्थीला उपवास असला तरी हाच नियम लागू राहतो. साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याचा लाडू यांत स्निग्धांश भरपूर असतो. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी नेहमीचीच मात्रा घ्यावी, दुप्पट घेऊ नये.

कमी मात्रेचा एक पर्यायही आहे आणि तो खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शिकागो विद्यापीठाच्या पुढाकाराने ७२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कमी स्निग्ध न्याहारीबरोबर घेतलेल्या २५० मिलिग्रॅमने पीएसए उपाशीपोटीच्या १००० मिलिग्रॅमइतकाच उतरला. औषध परवडत नसेल तर याबद्दल डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. त्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही. मात्र दोन पद्धतींची सरमिसळ कधीही होऊ देऊ नये. १००० मिलिग्रॅम जेवणाबरोबर घेणे धोक्याचे, तर २५० मिलिग्रॅम उपाशीपोटी घेणे अपुरे. महाराष्ट्रात रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांकडे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशीही याच भेटीत करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट, जिच्याबाबत मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो: अ‍ॅबिरॅटेरॉन सुरू झाले म्हणून इंजेक्शन बंद करायचे नसते. वृषणे शस्त्रक्रियेने काढलेली नसतील तर दोन्ही उपचार बरोबरच चालतात. ‘गोळी आणखी मोठी आहे, मग सुई कशाला’ असा विचार करून दोन-दोन इंजेक्शने टाळलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

प्रेडनिसोलोनला घाबरू नये

सीवायपी१७ए१ हे विकर केवळ पुरुषी संप्रेरकांसाठी काम करीत नाही. कॉर्टिसोल हे शरीराला रोज लागणारे संप्रेरकही त्याच वाटेने तयार होते. विकर अडले की कॉर्टिसोल घटते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ती घट ओळखून अ‍ॅड्रिनल ग्रंथींना जोरजोराने हाका मारू लागते, आणि त्या ग्रंथी जो मार्ग खुला आहे त्याने मीठ धरून ठेवणारी संप्रेरके भराभर बनवतात. परिणामी अंगावर सूज येते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे वाहून जाते. प्रेडनिसोलोनची छोटी मात्रा पिट्युटरीच्या या हाका शांत करते. आजाराच्या टप्प्यानुसार ती ५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा किंवा दोनदा असते. स्टिरॉइड म्हटले की घरातील कोणी ना कोणी ते बंद करायला सुचवते. पण या उपचारात ती गोळी बंद करणे म्हणजे सुरक्षेची दोरी कापण्यासारखे आहे. मधुमेह असल्यास साखर वाढू शकते, म्हणून ती अधिक वेळा तपासावी, गोळी सोडू नये.

घरी रक्तदाबाचे यंत्र ठेवावे आणि आठवड्यातून दोनदा आकडा वहीत लिहावा. पोटॅशियम दर महिन्याला तपासून घ्यावे. यकृताच्या तपासण्या पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी, नंतर महिन्याला कराव्यात. लोणचे, पापड आणि वरून घेतलेले मीठ कमी करावे. पोटॅशियम कमी आले म्हणून केवळ केळी आणि नारळपाणी वाढवून भागवू नये, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर तेही विचारल्याशिवाय नको.

कोणती औषधे एकत्र चालत नाहीत

सूज आणि कमी पोटॅशियम यांवर स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी सहज लिहिली जाते. प्रोस्टेटच्या कर्करोगात अ‍ॅबिरॅटेरॉन चालू असताना ती टाळतात, कारण ती संप्रेरकाच्या ग्राहीला (पेशीत संप्रेरक जिथे जाऊन बसते त्या जागेला) स्वतःच चेतवू शकते आणि पीएसए वाढू शकतो. हृदयाच्या किंवा साध्या दवाखान्यात गेल्यावर ही अडचण आवर्जून सांगावी. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन, तसेच फिट्सवरील फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन यांमुळे रक्तातील अ‍ॅबिरॅटेरॉन घटते. मधुमेहावरील पायोग्लिटाझोन आणि रेपॅग्लिनाइड यांचा परिणाम उलट वाढून साखर एकाएकी उतरू शकते, आणि रक्तदाबावरील मेटोप्रोलोलचा परिणामही वाढू शकतो, म्हणून नाडी मंद वाटल्यास सांगावे.

अशक्तपणा जावा म्हणून घरी आणलेली चूर्णे हा नाजूक विषय आहे, कारण ती बहुधा कोणीतरी मायेने आणलेली असतात. परंतु जी अश्वगंधा किंवा शिलाजीत ‘टेस्टोस्टेरॉन वाढवते’ अशी जाहिरात करून विकली जाते, ती याच उपचाराच्या विरुद्ध दिशेने खेचण्याच्या हेतूने घेतली जाते. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, आणि येथे यकृतावर आधीच लक्ष ठेवावे लागते. डीएचईए नावाचे पूरक तर कटाक्षाने टाळावे. साखळीतला तो तयार टप्पा बाहेरून पुरवण्यात काय अर्थ?

एन्झाल्युटामाइड, अपाल्युटामाइड आणि डॅरोल्युटामाइड या गोळ्या विकराला हात लावत नाहीत. त्या संप्रेरक जिथे जाऊन बसते ती ग्राहीच अडवतात. म्हणून त्यांच्याबरोबर प्रेडनिसोलोन सक्तीचे नसते. शेजारच्या रुग्णाला स्टिरॉइड नाही आणि आपल्याला आहे, यामागचे कारण बहुधा एवढेच असते.

३-बीटा-एचएसडी या विकराच्या एचएसडी३बी१ जनुकाचा एक प्रकार वारशाने आलेला असेल तर ते विकर पेशीत जास्त काळ टिकते आणि अ‍ॅड्रिनलकडून आलेला माल अधिक वेगाने पुढे ढकलते, असे नीमा शरीफी यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले. ही माहिती मोलाची आहे, पण त्या तपासणीवरून प्रत्येकाचा उपचार ठरवण्याची प्रथा अजून नाही. तिच्यासाठी घरातून पैसे काढण्याची घाई करू नये.

हाडांकडे मात्र पहिल्या दिवसापासून पाहावे. अ‍ॅरोमॅटेज नावाचे विकर पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून थोडे इस्ट्रोजेन बनवते आणि तेच हाडे टणक ठेवते. टेस्टोस्टेरॉन संपले की हाही साठा आटतो, त्यात प्रेडनिसोलोनची भर पडते, आणि किरकोळ घसरण्यानेही खुबा मोडू शकतो. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी, ‘ड’ जीवनसत्त्व आणि रोजचे चालणे याबद्दल विचारावे. हाडांचे इंजेक्शन सुचवले गेल्यास आधी दात दाखवून घ्यावेत.

घरात कोणी गरोदर असेल तर तिने अ‍ॅबिरॅटेरॉनच्या गोळ्या उघड्या हाताने हाताळू नयेत. डबीत गोळ्या भरण्याचे काम दुसऱ्याने करावे.

रुग्णाच्या पाकिटात एक कार्ड ठेवावे आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे: ‘अ‍ॅबिरॅटेरॉन व प्रेडनिसोलोन चालू आहे. स्टिरॉइड अचानक बंद करू नये. शस्त्रक्रिया, अपघात किंवा तीव्र ताप असल्यास स्टिरॉइडची जादा मात्रा लागू शकते.’ खाली दोन्ही औषधांच्या मात्रा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा क्रमांक असावा. उलट्यांमुळे प्रेडनिसोलोन पोटात टिकत नसेल, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, हातापायांत बळ राहिले नसेल किंवा छातीत धडधड होत असेल, तर सकाळपर्यंत वाट न पाहता त्याच रात्री तातडीच्या विभागात जावे आणि केसपेपर काढतानाच हे कार्ड पुढे करावे.